पोटमाळ्यावरचा राखणदार

डिंभे
गुरुवार, दि. ७ नोव्हेंबर २०२४
सकाळचे ६ वाजून ४० मिनिटे

ती. नंदाताईस,
हनुमंतचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहायला घेतले तेव्हा मी मागच्या दारात बसून शिंजीर पाखराची वाट बघत होतो. परवा दादांनी मेंढ्यांची लोकर कातरली. आईने नेहमीप्रमाणे मूठभर लोकर कुंपणाच्या बोरीवर अडकवून ठेवली आहे, पाखरांच्या वाटणीची. काल शिंजीरच्या मादीने त्यातून अकरा वेळा चोच भरून नेली. आज अजून आलेली नाही. तुला माहीत आहे, मी वहीत लिहून ठेवतो.

पण पत्राचे कारण वेगळे आहे. भाऊबीजेला तू आलीस आणि जेवताना हसत हसत सांगितलेस, की तुमच्या मागच्या खोलीच्या पोटमाळ्यावर नाग आहे, तो फुसफुसतो, आणि भिमाआत्या त्याला घराचा राखणदार म्हणून दुधाची वाटी ठेवतात. आई हात जोडून मोकळी झाली. मला मात्र तीन दिवस झोप नाही. तुझ्या सासूबाईंचा रिवाज आहे, त्यात मी बोलणार नाही. पण त्याच खोलीत बाजरीची पोती आहेत आणि ती काढायला रोज तू जातेस.

म्हणून एवढे कळव. आवाज कोणत्या वेळी येतो? एकाचा येतो की अनेकांचा? दूध खरोखर कोण पिते? खाली काही पडलेले दिसते का? कात दिसली का?

फोन केला असता, पण इथे रेंज धरणाच्या भिंतीवर जाऊन मिळते, आणि तुमच्या घरी फोन स्पीकरवर असतो. पत्र बरे, ते तुझ्या एकटीच्या हातात पडते.

तुझा,
हनुमंत

*

आळेफाटा
१४ नोव्हेंबर

चि. हनुमंतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे दहावीचा पेपर. नववीत शाळा सोडलीस, पण मास्तर काही तुझ्यातून गेला नाही. घे उत्तरं.

आवाज दिवे लावायच्या वेळेला सुरू होतो. एकाचा नाही, तिघाचौघांचा वाटतो. कढईत पाणी टाकल्यावर होतो ना, तसा. आत्या म्हणतात, जोडा असेल, राखणदाराला पण संसार असतो. दूध मनी पिते, आमची मांजर. मी डोळ्यांनी पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. दूध पिऊन ती इतकी सुस्तावली आहे की उंदीर शेपटीवरून गेला तरी कूस बदलत नाही. आणि उंदीर लई झालेत बाबा. ठिबकच्या नळ्या कुरतडल्या, बाजरीच्या पोत्यांची चाळण केली. तुझे दाजी परवा उंदराचं औषध आणायचं म्हणत होते. कात नाही. खाली काळ्या काळ्या गोळ्या पडतात, लिंबाएवढ्या, वाळल्या की आत केस दिसतात. मी झाडून टाकते.

आता तू झोप. मला तो नाग हवा आहे. का ते आईला सांगितलं नाही, तुला सांगते. मी मे महिन्यात या घरात आले आणि पंधरा दिवसांत यांची दुभती म्हैस गेली. तेव्हापासून आत्या तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण भाकरी थापताना पाठीमागून ऐकू यायचं, "कुणाकुणाचा पायगुण असतो." पाच महिने मी ते ऐकलं. दसऱ्याला पोटमाळ्यावर पहिल्यांदा आवाज झाला आणि त्याच आत्या शेजारच्या सखूबाईंना म्हणाल्या, "सून आली अन् राखणदार परत आला गं." त्या दिवसापासून मला चहात साखर बरोबर मिळते.

तेव्हा राखणदार राहू दे.

तुझी,
नंदाताई

*

डिंभे
गुरुवार, दि. २१ नोव्हेंबर २०२४
दुपारचे ३ वाजून १५ मिनिटे

ती. नंदाताईस,
शि. सा. नमस्कार.

मासे विकून दादा आताच आले आणि मी ओसरीत पुस्तक मांडीवर घेऊन बसलो आहे. घोडेगावच्या वाचनालयातले हे पक्ष्यांचे पुस्तक मी तिसऱ्यांदा नावावर चढवून आणले आहे. तुझे पत्र आणि पुस्तकाचे पान शेजारी ठेवून चार वेळा ताडून पाहिले.

ताई, तो नाग नाही. नाग घड्याळ लावून रोज दिवेलागणीला फुसफुसत नाही. ती गव्हाणी घुबडाची पिल्ले आहेत. पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या तोंडाचे घुबड असते ते. पिल्लांना भूक लागली की ती अशीच फुसफुसतात आणि आईबाप उंदीर घेऊन येतात. काळ्या गोळ्या म्हणजे त्यांनी ओकलेले, न पचलेले केस आणि हाडे. साप नाही, धोका नाही. तू खोलीत खुशाल जा. दाजींना औषध ठेवू देऊ नकोस. विषारी उंदीर खाऊन घुबडे मरतील.

हे घरात सांगायचे की नाही ते तू ठरव. माझे ओझे उतरले. आज रात्री मी झोपणार.

तुझा,
हनुमंत

*

आळेफाटा
२७ नोव्हेंबर

हनुमंत,

पोस्टमन आला तेव्हा मी कांद्यात होते. पत्र मामांच्या हातात पडलं. माझ्या सासऱ्यांचं वाचन चौथीपर्यंतचं, पण हाताला लागेल तो कागद ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचतात, खताच्या पिशवीवरचासुद्धा. त्यांनी तुझं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. समोर आत्या होत्या, सखूबाई होत्या आणि दूध घालायला आलेली दोन माणसं होती.

मी आले तेव्हा सखूबाई म्हणत होत्या, "घुबाड म्हणं. दूध कुणाला पाजत व्हतीस गं भिमाबाय?"

आत्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मंजी म्हस गेली ती उगं नाय."

आता ठरलं आहे. २२ डिसेंबरला, रविवारी, घरात खंडोबाचं जागरण आहे, आमच्या लग्नाचं राहिलेलं. त्याच्या आत पोटमाळा रिकामा करायचा. आत्या म्हणतात, देवाच्या कार्याला डोक्यावर घुबड नको. आणि मला म्हणाल्या, जागरणाला माहेरी गेलीस तरी चालंल. आपल्याच जागरणाला, हनुमंत.

तू खरं तेच लिहिलंस. मी चिडले नाही. पण आता मला पत्र पाठवू नकोस.

नंदा

*

डिंभे
शनिवार, दि. ३० नोव्हेंबर २०२४
पहाटेचे ५ वाजून ५० मिनिटे

ती. यमाजीमामांच्या सेवेशी,
हनुमंतचा साष्टांग नमस्कार.

आईने नुकतेच शेळीचे दूध काढले आहे आणि मी चुलीपुढे बसून हे पत्र तिसऱ्यांदा लिहीत आहे. आधीचे दोन कागद चुलीत गेले. हे पत्र मी आपल्या नावाने पाठवत आहे आणि आपण ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचावे, भिमाआत्या समोर असतील तेव्हा वाचावे, अशी विनंती आहे.

माझ्या पत्राने आपल्या घरात त्रास झाला. अक्षर माझे होते, दोष माझा आहे. ताईचा त्यात काही नाही. तिने तर मला नाग राहू दे म्हणून लिहिले होते.

मी नववीत शाळा सोडलेला आहे. माझ्यावर विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. पुस्तकावरही ठेवू नका. पोटमाळ्याखाली ज्या काळ्या गोळ्या पडतात त्यांच्यावर ठेवा. दहा दिवस त्या झाडून टाकू नका. गोळा करा, कोमट पाण्यात भिजवा आणि काडीने फोडा. आत कवट्या निघतील. एक कवटी म्हणजे एक उंदीर. नंतर हात साबणाने धुवा. जितक्या कवट्या, तितके उंदीर त्या दहा दिवसांत आपल्या खळ्यातून आणि ठिबकच्या नळ्यांवरून कमी झाले असे समजा. या दहा दिवसांत उंदराचे औषध मात्र ठेवू नये.

पन्नासच्या वर कवट्या निघाल्या नाहीत, तर मी चुकलो. मग मी स्वतः येईन आणि माझ्या हाताने पोटमाळा रिकामा करून देईन, जागरणाच्या आधी. हा शब्द.

आपला,
हनुमंत

*

(पोस्टकार्ड)

आळेफाटा, ता. १४ डिसेंबर

रा. रा. हनुमंत यांसी यमाजीचा रामराम. वि. वि. पत्र पावले. मोठ्याने वाचले. मोजणी झाली. तुम्ही जागरणाला २२ तारखेला दुपारच्या आत येणे. येताना एक मोठे पोते घेऊन येणे. भोक नसलेले पाहून आणणे. ते पुस्तकही आणणे. बाकी भेटीत.
यमाजी

*

डिंभे
गुरुवार, दि. १९ डिसेंबर २०२४
सायंकाळचे ५ वाजून ५ मिनिटे

ती. यमाजीमामांच्या सेवेशी,
साष्टांग नमस्कार.

आपले कार्ड काल मिळाले. ते वाचले तेव्हापासून पोते शोधत होतो. आता एक सापडले आहे. बारीक वाळू भरून, टांगून पाहिले. कोपऱ्यात एक बारीक भोक होते, ते आईने सुतळीने शिवले.

शब्द दिला आहे, तो पाळीन. एवढीच विनंती आहे की पिल्ले मी हळू काढीन, घाई करू नये. आणि ताईला जागरणाला घरातच बसू द्यावे.

आपला,
हनुमंत

*

डिंभे
बुधवार, दि. २५ डिसेंबर २०२४
सकाळचे ७ वाजून १० मिनिटे

ती. नंदाताईस,
शि. सा. नमस्कार.

मी पुन्हा मागच्या दारात बसलो आहे. बोरीवरची लोकर संपली. शिंजीरचे घरटे जास्वंदीला लटकले आहे आणि मघाशी मादी त्यात बसून फक्त चोच बाहेर काढून माझ्याकडे बघत होती.

रविवारी तू दिवसभर चुलीपाशी होतीस. पुरणाच्या पाट्यावरून मान वर करून तू मला दोनदा हसलीस, पण बोलणे झाले नाही. बाहेर काय काय झाले ते तुला अर्धेच माहीत आहे. म्हणून सगळे लिहितो. हे पत्रही मामांच्या हातात पडणार हे मला ठाऊक आहे. पडू दे.

साडेअकराला फाट्यावर उतरलो. पोते काखेत, पुस्तक पिशवीत, मनगटापर्यंत चढवायला दादांचे जुने लोकरीचे मोजे, आणि खिशात चार ओळींचे माफीपत्र, शुद्ध करून लिहिलेले. मामा ओट्यावर होते. मी पाया पडलो. ते म्हणाले, "पोतं आणलं?"

म्हटले, आणले.

"दाव."

त्यांनी पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला, उलटे केले, उन्हाकडे धरून पाहिले. मी विचारले, "पिल्लं किती आहेत?"

"चार. का रं?"

"मावतील."

"कशात?"

मी पोत्याकडे बोट केले. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना असे हसू आले की ठसका लागला आणि दाजी आतून तांब्या घेऊन आले. "आरं पावणं," मामा म्हणाले, "बाजरी भरायची हाय त्यात. तुमच्या वाटणीची. आमच्या सगळ्या पोत्यांची उंदरांनी चाळण केली, म्हून सांगितलं भोक नसलेलं आण. घुबडाची पिल्लं पोत्यात कोंबायला आमी काय येडं हाय व्हय?"

मी तिथेच ओट्याच्या कडेला बसलो.

नंतर त्यांनी आतून सूप आणले. पांढरा पंचा अंथरलेला, त्यावर कवट्या, दहा-दहाच्या ओळीत. अठ्ठेचाळीस गोळ्यांतून एकशे सात. त्यातल्या नऊ चिचुंद्रीच्या, त्या मामांनी निराळ्या मांडल्या होत्या, नाक लांब असते म्हणून. मी परत मोजल्या. बरोबर होत्या. मोजणी टिपायला कागद हवा म्हणाले, तेव्हा माझ्या खिशातले माफीपत्र पाठकोरे होते ते दिले. पुढच्या बाजूला काय आहे ते त्यांनी विचारले नाही. पण वाचले असणार.

मी विचारले, या फोडल्या कुणी? तेव्हा मागून भिमाआत्या म्हणाल्या, "कुणी म्हंजी? पैल्या दिवशी म्या म्हणलं, जागरण तोंडावर हाय, ह्या घाणीला कुणी हात लावायचा न्हाई. तुजी बहीण पदर खोचून बसली. म्हणली, आत्या, माजं काय व्हायचं ते आदीच झालंय. अन् फोडली की गोळी. तीन डोकी निगाली. दुसऱ्या दिवशी म्या पाणी कोमट करून दिलं. तिसऱ्या दिवशी ह्येनला म्हणलं, बाजूला सरा, तुमाला दिसत न्हाई."

ताई, तू हे मला कळवले नाहीस. अठरा दिवस मी पोस्टमनला रोज विचारत होतो.

आता महत्त्वाचे. मामा, इथून पुढे जरा मोठ्याने वाचावे. दारात कोणी असेल तर त्यांनाही बसवून घ्यावे.

दिवेलागणीच्या आधी मांडवात लोक जमायला लागले. वाघ्याने दिमडी उन्हाला धरून तापवून ठेवली होती. सखूबाई पुढे येऊन बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "भिमाबाय, वर घुबाड अन् खाली जागरान. देव येईल का घाबरंल?"

भिमाआत्या आत गेल्या. सूप घेऊन आल्या आणि सखूबाईंच्या मांडीपुढे ठेवले.

"मोज," म्हणाल्या.

"काय हाय ह्ये?"

"मोज तू. एकशे सात हायेत. दहा दिवसांतली. ह्या म्हैन्यात माज्या बाजरीच्या पोत्याला एक नवं भोक न्हाई पडलं. म्या राखणदार म्हणलं व्हतं का न्हाई? राखणदारच हाय. त्याला पंख हायेत एवढं मला ठावं नव्हतं. माजी सून आली अन् उंदीर गेलं. तुज्या घरी कोण आलं?"

सखूबाई म्हणाल्या, "अन् म्हस?"

मी खाली बघत होतो. आत्यांनी सूप उचलून कडेला धरले, लेकराला धरतात तसे, आणि म्हणाल्या, "म्हस म्हातारी व्हती. अकरावं वेत व्हतं तिचं. म्हशीचं म्हशीपाशी. माज्या सुनंचं नाव त्यात घ्यायचं न्हाई. म्या घेतलं व्हतं, ती माजी चूक. आता कुणी घेतलं तर माज्याशी गाठ हाय."

हे शब्द मी त्याच वेळी पुस्तकाला घातलेल्या कागदी कव्हरावर पेन्सिलने उतरवून घेतले आणि ते कव्हर काढून घरी आणले, एकही बदललेला नाही. तू तेव्हा आत पोळी उलटत होतीस आणि दिमडी वाजायला लागली होती. तुला ऐकू गेले नसणार. म्हणून हे पत्र.

आणि लगेच ते झाले, ज्याच्यामुळे झालेला गजर ऐकून तू उलथने घेऊन दारात आलीस, पण तोवर संपले होते. पोटमाळ्याच्या झरोक्यात एक पिल्लू येऊन बसले. ओल्या कापसासारखी लव अजून मानेला होती. त्याने दोनदा मान फिरवली, पंख उघडले आणि मांडवावरून, सगळ्यांच्या डोक्यावरून, अगदी आवाज न करता चिंचेपर्यंत गेले. पांढरेशुभ्र. वाघ्याचा हात थांबला. भिमाआत्यांनी ताटातला भंडारा मुठीत घेतला आणि चिंचेच्या दिशेने उधळला. "येळकोट येळकोट," त्या म्हणाल्या. पुढचे सगळ्या मांडवाने म्हटले. सखूबाईंनी पण म्हटले, मी पाहिले.

माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर एवढेच आहे: गव्हाणी घुबड, पहिले उड्डाण, सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटे, साक्षीदार अंदाजे सत्तर.

काल आईने त्या बाजरीची भाकरी केली. दादा म्हणाले, गोड आहे. आई म्हणाली, घुबडाने राखलेली आहे. दादांनी हातातला घास बघितला आणि खाल्ला.

भिमाआत्या अजून दुधाची वाटी ठेवतात असे दाजी निघताना सांगत होते. ठेवू दे. मनीचे पण घर आहे.

माझी सवय तुला माहीत आहे, हिशोब लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवत नाही.

खर्च: पाकिटे पाच, रु. २५. बस, जाऊन येऊन, रु. २००. येताना पोत्याचे तिकीट, रु. २०. वाचनालयाचा दंड, आजपर्यंतचा, रु. ६. एकूण रु. २५१.

येणे: कोणाकडूनही काही नाही.

देणे: वाचनालयाला पुस्तक एक. ते यमाजीमामांकडे आहे. निघताना ते तेराव्या पानावर होते आणि ओट्यावर चार माणसे ऐकत होती. तेव्हा पुढचा दंड मामा देतील.

भिमाआत्यांना लोकर, एक मूठ, पोटमाळ्याच्या झरोक्याला अडकवायला. त्यांनी फाट्यापर्यंत सोडायला येऊन मागितली आहे, पाखरांच्या वाटणीची. ती या पाकिटात दाबून घातली आहे. घुबडे घरट्याला लोकर नेतात की नाही, हे पुस्तकात मी पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही.

तुझा,
हनुमंत